२^६४ − १ : वीस अंकी संयुक्त संख्या कागद-पेन्सिलीने कशी उलगडावी

फोंडा, माशेल, डिचोली या भागातली गणिताची आवड असलेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांना मी दरवर्षी ही एक संख्या देतो आणि सांगतो, हिच्याबद्दल जे जे शोधता येईल ते शोधून आणा:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

बहुतेक मुलं लगेच भागाकाराला लागतात. तीनने, सातने, अकराने, तेराने. उत्साह चांगला आहे, पण वाट चुकीची आहे. एखादी संख्या मूळ आहे की संयुक्त हे केवळ भाग लावून ठरवायचं तर तिच्या वर्गमूळापर्यंत जावं लागतं. इथे वर्गमूळ ४२९ कोटींच्या पुढे आहे. सेकंदाला एक भागाकार केला, झोप-जेवण सगळं सोडलं, तरी १३६ वर्षं लागतील. याच संख्येचे सगळे मूळ अवयव चौकटीच्या वहीच्या चार-पाच पानांत निघतात, अट एकच: ती किती मोठी आहे याकडे न बघता ती कशी घडली आहे याकडे बघायचं. हा लेख त्या चार-पाच पानांचा आहे. आठवी-नववीचं बीजगणित येत असेल तर पुरे.

ही संख्या येते कुठून

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे प्रत्येक घरात दुप्पट. चौसष्ट घरांतले मिळून दाणे होतात २^६४ − १, म्हणजे दोनचा चौसष्टावा घात वजा एक. आकाराचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडू. भाताच्या हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम आणि एक घनमीटर भाताचं वजन ६०० किलो धरा. खाजन, म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या शेतीत होणाऱ्या कोरगुट भाताचे एवढे दाणे ३७०२ चौरस किलोमीटरच्या अख्ख्या गोव्यावर सारखे पसरले, तर पेडण्यापासून काणकोणापर्यंत दोनशे मीटरहून उंच थर होईल.

भास्कराचार्यांनी लीलावतीत एक, दश, शत पासून परार्धापर्यंत दशमान स्थानांची अठरा नावं दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या १८४ परार्धांच्याही पुढे जाते, म्हणजे ती नावं इथे अपुरी पडतात.

पहिलं काम: संख्या नीट लिहिणं

याचा मुलांना कंटाळा येतो, पण मोठ्या संख्येत निम्म्या चुका लिहितानाच होतात. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि चौकटीच्या वहीत एका घरात एकच अंक लिहा:

१८ ४४६ ७४४ ०७३ ७०९ ५५१ ६१५

रोजच्या व्यवहारात आपण लाख-कोटींचे स्वल्पविराम देतो. इथे मात्र तीनाचेच गट हवेत. कारण पुढच्याच पायरीला कळेल.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा संख्या स्वतः काढून बघितलेली बरी. २^१६ = ६५५३६. त्याचा वर्ग २^३२ = ४२९४९६७२९६. आता याचा वर्ग करायचा. दहा अंकी संख्येचे दोन तुकडे करा, ४२९४९ आणि ६७२९६. पहिल्याचा वर्ग १८४४६१६६०१. दुसऱ्याचा वर्ग ४५२८७५१६१६. दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ५७८०५९१८०८. पहिल्यावर दहा शून्यं, दुपटीवर पाच शून्यं, आणि तिन्ही एकाखाली एक मांडून बेरीज. येतं १८४४६७४४०७३७०९५५१६१६. त्यातून एक वजा. वीस अंकांचं घातांकाचं उत्तर तीन साध्या गुणाकारांत हाती आलं की मुलांची भीती जाते, असा माझा अनुभव आहे.

अंकांकडून मिळणारी माहिती

शेवटचा अंक ५, म्हणून ५ ने भाग जातो. शेवटचे दोन अंक १५, म्हणून २५ ने जात नाही. म्हणजे अवयवांत ५ एकदाच येणार.

सगळ्या अंकांची बेरीज ८७. तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. म्हणून ३ सुद्धा एकदाच.

शेवटच्या १५ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, त्यामुळे संपूर्ण संख्येला ४ ने भागल्यावरही बाकी ३. कोणत्याही वर्गसंख्येला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ असते. दोन वर्गांच्या बेरजेत ती ०, १ किंवा २ होऊ शकते, ३ कधीच नाही. म्हणजे ही वीस अंकी संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येणं अशक्य, हे केवळ शेवटच्या दोन अंकांवरून सिद्ध झालं! एवढं बलवान विधान इतक्या कमी कष्टात मिळतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता तीनाच्या गटांचं कारण. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून उजवीकडून एक गट मिळवत, एक वजा करत गेलं की तिन्ही संख्यांची परीक्षा एका दमात होते:

६१५ − ५५१ + ७०९ − ७३ + ७४४ − ४४६ + १८ = १०१६

१०१६ मधून १००१ वजा केले, उरले १५. पंधराला ७ ने भागल्यावर बाकी १, ११ ने भागल्यावर ४, १३ ने भागल्यावर २. संपूर्ण संख्येच्या बाक्याही याच. तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. ही कसोटी लक्षात ठेवा, पुढे उत्तरं तपासायला हीच लागणार आहे.

डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेले द. रा. कापरेकर यांनी ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला हर्षद संख्या म्हटलं. आपल्या संख्येची बेरीज ८७, म्हणजे ३ × २९. ही संख्या हर्षद आहे का? सगळे अवयव हातात आले की क्षणात कळेल.

घडणीकडे वळू

इथे खरी किल्ली आहे, आणि ती नववीच्या पुस्तकातलीच आहे: दोन वर्गांची वजाबाकी. २^६४ हा २^३२ चा वर्ग आहे आणि १ हा १ चा वर्ग. म्हणून

२^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १)

पहिल्या कंसाला पुन्हा तेच सूत्र लागतं. मग पुन्हा. शेवटपर्यंत गेलो की हाती येतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

भागाकार एकही केला नाही. हे सगळे फर्मा या फ्रेंच गणितीच्या नावाच्या फर्मा-संख्यांच्या मालिकेतले आहेत: २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १, असे. पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. ६५५३७ चं मूळत्व तपासायचं तर २५६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग लावावा लागतो, आणि खालची युक्ती वापरली तर तेवढंही लागत नाही. फर्माने १६४० साली अंदाज बांधला होता की या प्रकारच्या सगळ्याच संख्या मूळ असतील. म्हणजे त्याच्या मते ४२९४९६७२९७ सुद्धा. जवळजवळ शतकभराने, १७३२ मध्ये, ऑयलरने तो अंदाज खोडून काढला.

ऑयलरची चाळणी, अगदी जवळून

समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ला निःशेष भागते. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे प − १). दोन्हींचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता २ चे घात एकामागून एक घेत गेलो तर बाकी १ पहिल्यांदा नेमकी चौसष्टाव्या घाताला येते, आधी येत नाही. कारण पहिला असा घात ६४ चा विभाजक असावा लागतो, आणि तो ३२ किंवा त्याहून लहान असता तर २^३२ ची बाकीही १ आली असती, −१ नाही. दुसरीकडे फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की २^(प−१) ची बाकी १ असते. बाकी १ दर चौसष्ट घातांनीच येते, म्हणून प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

याचा अर्थ प हा ६४ च्या पटीत एक मिळवून येणारी संख्या आहे. पुढे लुकासने हे आणखी घट्ट केलं: ६४ नव्हे, १२८ ची पट अधिक एक. म्हणजे उमेदवार उरले १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१...

यांतला १२९ तीनाने जातो, ३८५ पाचाने, ५१३ तीनाने. २५७ मूळ आहे, पण तो चालणार नाही. ४२९४९६७२९७ ही आधीच्या पाचांच्या गुणाकारापेक्षा बरोबर दोनने मोठी आहे, म्हणून २५७ चा भाग दोन्हींना गेला तर २ लाही जायला हवा, आणि ते शक्य नाही. मग पहिलाच खरा उमेदवार ६४१.

आणि त्याचा भाग जातो! भागाकार न करताही हे दिसतं. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्यावरून, ६४१ ने भागल्यावर ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. म्हणून −२^३२ ची बाकी १, अर्थात २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग. या चार ओळी वर्गात फळ्यावर लिहिताना मी मुद्दाम सावकाश लिहितो, कारण एखाद्या मुलाच्या डोळ्यांत ते उमटताना बघण्यासारखं असतं.

भागाकार केला की ६७००४१७ येतात. ही मूळ आहे का? वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे. साध्या पद्धतीने पावणेचारशेच्या आसपास मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. पण हिच्या अवयवांनाही १२८ च्या पटीची तीच अट लागू आहे. २५८८ पर्यंत अशा वीस संख्या आहेत आणि त्यांतल्या मूळ फक्त पाच. भाग लावून बघा:

२५७ ने बाकी १७०
६४१ ने बाकी ४४
७६९ ने बाकी १२०
११५३ ने बाकी ३३४
१४०९ ने बाकी ६२२

एकाचाही भाग गेला नाही, म्हणून ६७००४१७ मूळ आहे. एवढ्या आकाराच्या संख्यांत साधारण सोळांत एक मूळ सापडते. मूळ संख्यांच्या अशा विखुरण्याकडे संभाव्यतेच्या अंगाने बघणाऱ्यांत आपल्या गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी होते. मूळ संख्यांच्या नमुना-वाटणीवर त्यांचा शोधनिबंध १९६३ सालचा आहे. इतिहासकार म्हणून ते सगळ्यांना माहीत असतात, गणिती म्हणून आपल्याकडच्या मुलांना फार कमी. हे मला खटकतं.

पूर्ण उत्तर:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

यात २९ नाही. म्हणून ८७ चा भाग जात नाही आणि आपली संख्या हर्षद नाही.

अवयव हाती आल्यावर

इथून पुढचं काम हलकं आहे. सातही मूळ अवयव एकेकदाच आले आहेत. प्रत्येक विभाजकात एखादा अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजक २^७ = १२८.

सर्व विभाजकांची बेरीज काढायला प्रत्येक मूळ अवयवात एक मिळवून गुणाकार करा: ४ × ६ × १८ × २५८ × ६४२ × ६५५३८ × ६७००४१८ = ३१४२१९८०९८९१८९८८८७६८. बरोबर आलं की नाही हे कसं कळणार? ६५५३८ ला ११ ने भाग जातो, म्हणजे उत्तरालाही गेला पाहिजे. एकाआड एक अंकांच्या बेरजा ५३ आणि ६४ येतात, फरक ११. जमलं. ही बेरीज आपल्या संख्येच्या साधारण १.७ पट आहे. दुप्पट असती तर संख्या परिपूर्ण ठरली असती. विषम परिपूर्ण संख्या आजवर कुणालाच सापडलेली नाही.

आता या संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ, म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या, अशा संख्या किती? प्रत्येक अवयवातून एक वजा करून गुणायचं: २ × ४ × १६ × २५६ × ६४० × ६५५३६ × ६७००४१६ = ९२०८९८१६२८६७०४४३५२०. हे एकूण संख्येच्या जवळजवळ निम्मं आहे, ४९.९२ टक्के. हा योगायोग नाही. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचांचा मिळून वाटा २^३१ भागिले (२^३२ − १), म्हणजे निम्म्याहून तसूभर जास्त. उरलेली घट ६४१ ने केली आहे. विषम संख्या असूनही सहमूळ संख्यांचं प्रमाण सम संख्येसारखं निम्म्यावर येतं, हे मला या संख्येतलं सर्वांत देखणं वैशिष्ट्य वाटतं.

भूमिती आवडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गाउसने १७९६ साली पट्टी-कंपासने सतरा भुजांचा सुसम (सगळ्या भुजा आणि कोन सारखे असलेला) बहुभुज काढता येतो हे दाखवलं. भुजांची संख्या विषम असेल, तर सुसम बहुभुज असा काढता येण्यासाठी ती संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा-संख्यांचा गुणाकार असावी लागते. ही अट आवश्यकच आहे हे १८३७ मध्ये वांत्झेलने सिद्ध केलं. आज फक्त पाचच अशा मूळ संख्या माहीत आहेत, म्हणून असे ३१ बहुभुज. ते सगळे आपल्या १२८ विभाजकांत बसलेले आहेत.

संयुक्त आहे हे कळणं वेगळं, अवयव सापडणं वेगळं

या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते. अवयव न शोधताही आपली संख्या संयुक्त ठरवता येते. ती मूळ असती तर २ चा, तिच्यापेक्षा एकने लहान, असा घात घेऊन तिनेच भागल्यावर बाकी १ आली असती. २^६४ ची बाकी १ आहे. घातांक म्हणजे २^६४ − २, त्याला ६४ ने भागल्यावर उरतात ६२. म्हणून बाकी २^६२, म्हणजे ४६११६८६०१८४२७३८७९०४. एक नाही, म्हणून संयुक्त. संपलं.

पण हीच कसोटी ४२९४९६७२९७ ला लावून बघा. घातांक २^३२, त्याला ६४ ने पूर्ण भाग जातो, बाकी १. कसोटी म्हणते मूळ असू शकेल, आणि आपल्याला ६४१ ठाऊक आहे! फर्माच्या मालिकेला २ च्या पायावरची कसोटी हमखास फसते. पाया ३ घेतला की ती पकडली जाते, आणि १८७७ मध्ये पेपिनने फर्मा-संख्यांसाठी दिलेली कसोटीही ३ वरच उभी करता येते. मुलांना मी सांगतो, बाकी १ आली नाही तर निकाल पक्का, बाकी १ आली तर पाया बदलून पुन्हा तपासा.

उलट उदाहरण २^६७ − १ चं. ती संयुक्त आहे हे लुकासने १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव कुणाला माहीत नव्हते. १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक कोल यांनी फळ्यावर ते मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. सत्तावीस वर्षांचं अंतर! आपल्या संख्येत घातांक ६४ असल्यामुळे वर्गांची वजाबाकी पुन्हा पुन्हा लागली. ६७ स्वतः मूळ आहे, तिथे ते सूत्र कामी येत नाही. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या कुलुपांत सहाशेहून जास्त अंकांच्या संख्या असतात, आणि त्या मुद्दाम अशाच निवडतात की अशी कुठलीही घडण हाती लागू नये.

संगणकावर पडताळताना

एक्सेलमध्ये ही संख्या टाकू नका. तिथे पंधरा सार्थ अंकच टिकतात, शेवटच्या पाच अंकांच्या जागी शून्यं येतात आणि तुमची सगळी विभाज्यता बदलते. मोबाइलचे पुष्कळ कॅल्क्युलेटरही पुढचे अंक गाळून घातांकात उत्तर देतात. पायथॉनमध्ये पूर्णांकांना अशी मर्यादा नाही, वीस काय आणि दोनशे काय, सगळे अंक जसेच्या तसे राहतात. फक्त भागाकार करताना पूर्णांक-भागाकाराचं चिन्ह, म्हणजे दोन तिरप्या रेघा, वापरा. एक रेघ वापरली की उत्तर दशांशात जातं आणि शेवटचे अंक हरवतात. ही संख्या द्विमान पद्धतीत सलग चौसष्ट एक अशी दिसते, म्हणून ६४ बिटांच्या बिनचिन्ही पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. तीत एक मिळवला की मोजणी शून्यावर येते.

आता तुम्ही करा

नऊ-नऊचे बारा अंक घ्या: ९९९९९९९९९९९९. ही १०^१२ − १ आहे. आधी वर्गांची वजाबाकी लावा. एका कंसात ९९९९९९ येईल, तिथे १००१ मदतीला आहेच. दुसऱ्या कंसातल्या १०००००१ ला १०१ ने भागा. जो भागाकार उरेल त्याच्या मूळ अवयवांना १२ ची पट अधिक एक अशी अट आहे, म्हणून १३, ३७, ६१, ७३ आणि ९७ एवढेच तपासा. शेवटी विभाजक मोजताना जपून, इथे ३ एकापेक्षा जास्त वेळा येतो. विभाजक २५६ आले तर तुमचं गणित बरोबर आहे.